कॉलेजच्या पत्त्यावरून गेलेलं मत

त्या सकाळी मोडेमनं दुसऱ्याच खेपेला लाइन पकडली. एरवी अर्धा तास जायचा. कॉलेजात फोनची लाइन एकच. तिचा फाटा प्राचार्यांच्या केबिनमधून आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आणलेला. त्यांनी तिकडे रिसीव्हर उचलला की इकडे कनेक्शन तुटायचं, आणि त्यांच्या कानात मोडेमची किरकिर जायची. मग शिपाईमामा लॅबच्या दारात उभे राहायचे.

"सर, सायेब म्हनत्यात, तुमचं अमेरिकेचं आटपलं का? त्यांला नगरला फोन लावायचाय."

शतक संपायला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचं कॉलेज नगर जिल्ह्याच्या कालव्याच्या भागातलं, म्हणजे उसाच्या पट्ट्यातलं. कारखाना ज्यांचा, त्यांचीच शिक्षणसंस्था. शेतकऱ्याच्या उसाच्या पेमेंटमधून टनामागं कपात व्हायची, तिच्यातून कॉलेजच्या इमारती उभ्या राहिल्या. मी तिथं संगणक शिकवायचो, वर्षावर्षाच्या ऑर्डरवर. एप्रिल संपला की नोकरी संपायची, जूनमध्ये पुन्हा लागायची. मधला महिना मी गावाकडं काढायचो आणि लोक विचारायचे, "सुट्टी हाय का?" मी हो म्हणायचो.

पण त्या वर्षी आमच्या विभागातली एक जागा कायम मंजूर झाली होती. मे महिन्यात मुलाखती होत्या. जागा माझीच, असं प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे धरून चालले होते. मीही धरूनच होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, आजही. गावाकडच्या घरावर स्लॅब टाकायचा तो कायमची ऑर्डर आल्यावर, माझ्यासाठी मुलगी बघायला निघायचं तेही ऑर्डर आल्यावर, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं.

इंटरनेट तालुक्यात आमच्याकडंच होतं, आणि ई-मेलचा पत्ताही एकच, कॉलेजच्या नावाचा. ज्यांची पोरं अमेरिकेला, आखातात होती, ते त्या एका पत्त्यावर मेल मागवायचे. मी ती छापून, पाकिटात घालून मामांजवळ द्यायचो. मामा सायकलवरून घरोघर पोचवायचे. पुष्कळ घरांत इंग्रजीची अडचण. मग ती माणसं पाकीट घेऊन परत लॅबमध्ये यायची, नाहीतर मला घरी बोलवायची. मी इंग्रजीत बघून मराठीत वाचून दाखवायचो. मुलाला बढती मिळाली, सुनेला दिवस गेले, तिकडं बर्फ पडला. वाचून झालं की चहा व्हायचा. या कामाचा मला अभिमान होता. आपण शिकलो त्याचा उपयोग लोकांच्या ओसरीवर दिसतो, असं वाटायचं.

त्या सकाळी आलेल्या मेलमध्ये एक संस्थेच्या सचिवांच्या नावचं होतं. त्यांचा पुतण्या अमेरिकेत शिकत होता. दुसऱ्याचं मेल मी कधी मुद्दाम वाचलं नाही, पण छापायच्या आधी ते पडद्यावर उघडायचंच. उघडलं, आणि पहिल्याच ओळीत कॉलेजचं नाव दिसलं. खाली पाहिलं तर माझीच वाक्यं.

परदेशातल्या मराठी लोकांची एक मेलिंग लिस्ट होती. एकानं लिहिलं की ते सगळ्यांना जायचं. दुपारी लॅब रिकामी असली की मी ती वाचायचो. त्यात कुणीतरी विचारलं होतं, की धरणं भरलेली असताना नगर जिल्ह्यात टँकर कसे फिरतात? पुण्यामुंबईकडच्या, अमेरिकेतल्या लोकांनी आपापली उत्तरं दिली होती. लोकसंख्या, आळस, जंगलतोड. मला राहवेना. माझं गाव पारनेर तालुक्यातलं, कोरड्या अंगाचं. मार्च लागला की टँकरची वाट बघणारं. आणि नोकरीच्या गावात खोलीच्या खिडकीतून मला रोज काय दिसायचं, तर उसाच्या सऱ्या ओलांडून रस्त्यावर आलेलं पाटाचं पाणी. मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. एका तालुक्यात टँकर आणि शेजारच्या तालुक्यात उसाला मोकाट पाणी, अशा जिल्ह्यात दुष्काळ आभाळातून येत नाही. उसाचं पाणी विजेसारखं मीटर लावून मोजून द्या. पण हे व्हायचं नाही, कारण ज्यांनी मोजायचं ते उसावर निवडून येतात.

एवढंच. आणि पाठवलं. पत्ता कॉलेजचा. त्या पत्त्यावरून काहीही पाठवलं की खाली आपोआप कॉलेजचं नाव, संस्थेचं नाव, तालुका, जिल्हा अशा ओळी लागायच्या. प्राचार्यांनीच मला त्या बसवायला सांगितल्या होत्या, आपलं नाव जगभर जावं म्हणून. माझ्या स्वतःच्या नावाचा त्या मेलमध्ये कुठं पत्ताच नव्हता.

पुतण्यानं काकांना लिहिलं होतं: आपल्या कॉलेजनं हे काय जाहीर केलंय? इथली मुलं मला विचारतात, तुमच्या संस्थेनं साखर कारखान्याच्या विरुद्ध ठराव केला का? हे लिहिणारा माणूस कोण, याचा शोध घ्या.

मी पडद्यासमोर बसून राहिलो. एक बटण दाबलं असतं तर ते मेल गेलं असतं. तेव्हा मेल पोचलं नाही, लाइन तुटली, हे रोजचंच होतं, कुणी शंकाही घेतली नसती. मामा दारात येऊन उभे राहिले.

"सचिवसायबांच्या पुतन्याचं आलं का वो सर? सकाळी दोनदा इचारलं त्यांनी."

"आलंय," मी म्हणालो.

"मग द्या की पाकीट."

"आज मीच नेतो."

मामांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आज काय चहा लई ग्वाड व्हनार हाय का तिथं?" म्हणाले आणि गेले.

चार वाजता मी सचिवांच्या बंगल्यावर गेलो. ओसरीवर ते होते, कारखान्याचे दोन संचालक होते. हंगाम संपत आलेला, बोलणं तोडणीचं चाललं होतं. सचिव जुन्या काळचे सातवी पास, पण माणूस फार पोचलेला. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी हातात घेतलं नाही.

"वाचा सर," ते म्हणाले.

"साहेब, नंतर निवांत वाचलं तर..."

"निवांतच हाये. ही काय परकी मानसं न्हाईत. वाचा."

मी कागद उघडला. आधी पुतण्याचं वाचलं. "आपल्या कॉलेजनं हे काय जाहीर केलंय," इथपर्यंत आल्यावर एका संचालकांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग माझी वाक्यं आली. इंग्रजीत लिहिताना ती मला साधी वाटली होती. मराठीत, त्या ओसरीवर, त्या तिघांच्या तोंडावर म्हणताना त्यांतलं एकही साधं राहिलं नाही. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्याला मी थांबलो.

मला तिथं काहीही वाचता आलं असतं. 'पाणी जपून वापरावं' असं म्हणून कागद मिटता आला असता. इतकी वर्षं मी लोकांना वाचून दाखवत होतो, एकानंही कधी पडताळून पाहिलं नव्हतं.

"पुढं?" सचिव म्हणाले.

"हे व्हायचं नाही," मी वाचलं, "कारण ज्यांनी मोजायचं, ते उसावर निवडून येतात."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग एक संचालक म्हणाले, "म्हंजे आमी मोजत न्हाई म्हनून निवडून येतो?"

"कुनी लिहिलंय हे?" दुसऱ्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"तुमी कुठले?"

"पारनेरकडचा."

"मग बराबर हाय. तिकडचा मानूस पान्याचं नाव निघालं की शिकवायलाच बसतो." ते हसले. दुसरेही हसले. सचिव हसले नाहीत.

"सर, घरी जमीन?"

"आहे थोडी. सगळी जिरायत."

"आन पगार तुमचा कशातनं व्हतो?"

"संस्थेतून."

"संस्थेचं कशातनं येतं?"

"कपातीतून, साहेब. उसाच्या."

"हं." त्यांनी मांडीवरचा टॉवेल झटकला. "पुतन्याचा फोन काल रात्रीच आला हुता. त्यानं सगळं सांगितलंय. तुमी काय वाचून दावता, तेवढं बघायचं हुतं."

मी कागद पाकिटात परत घातला.

"वाचलं ते बराबर वाचलं," ते म्हणाले. "आता आसं करा. त्याच पत्त्यावरनं दुसरं पाठवा. आधीचं चुकीनं गेलं, संस्थेचं तसलं मत न्हाई, आन लिहिनाऱ्याचंबी न्हाई. मिटलं. मे महिन्यात मुलाखत हाय तुमची, त्याच्या आत व्हऊ द्या." मग आत बघून म्हणाले, "सरांना चहा आना." चहा नेहमीसारखाच होता. मला तो संपवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. मजकूर त्यांनी स्वतः तयार करून ठेवला होता, चांगल्या इंग्रजीत. माणूस वाईट नव्हता. मला पहिली ऑर्डर त्यांनीच मिळवून दिलेली.

"सर, पत्ता कॉलेजचा वापरला, ही माझी चूक," मी म्हणालो. "तेवढी मी लिहून देतो. पण मत माझं नाही, असं कसं लिहू? माझंच आहे ते."

"अहो, एक वाक्य आहे. कोण वाचणार आहे ते?"

"सर, कोणीतरी वाचलं म्हणून तर हे झालं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या मतानं कालव्याचं एक दार तरी वर-खाली होणार आहे का? सांगा मला. आणि ऑर्डर गेली तर तुमचं आयुष्य वर-खाली होईल. मी तुमच्या भल्याचं बोलतोय."

रविवारी गावाकडं गेलो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गोठ्यापुढं बसून मी त्यांना सगळं सांगितलं. इंटरनेट कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण बाकीचं समजायला त्यांना वेळ लागला नाही.

"मग दे की लिहून," दादा म्हणाले.

"दादा, ते मत माझंच आहे हो."

"आसू दे की तुझं. तुझ्यापाशी ठेव. तुझ्या म्हनन्यानं पाटाचं पानी आपल्याकडं वळनार हाय का?"

"नाही."

"मग?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "जेवून तर घ्या दोघं." जेवताना दादांनी एकदाच विषय काढला. "समद्या गावाला सांगून बसलोय म्या, पोरगं कायम होनार म्हनून." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

सोमवारी मी लॅब उघडली. प्राचार्यांचा कागद शेजारी ठेवला आणि निम्मा त्यातला, निम्मा माझा असा मजकूर लिहिला. आधीचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावरून गेलं, ते चुकीचं झालं. कॉलेजचा आणि संस्थेचा त्या मताशी काही संबंध नाही. मत माझं स्वतःचं आहे. खाली माझं पूर्ण नाव घातलं. पाठवायच्या वेळी लाइन तीनदा तुटली. दर वेळी वाटायचं, जाऊ दे, प्राचार्यांचाच मजकूर घालावा. चौथ्यांदा गेलं.

पुढच्या आठवड्यात त्या लिस्टवरून मला शाबासक्या आल्या. कुठून कुठून आल्या. वाचून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शाबासकी देणाऱ्यांपैकी कुणाची मुलाखत मे महिन्यात नव्हती. इकडं प्राचार्य माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. लोक मेल वाचून घ्यायला यायचे, ते एकदम कमी झाले. पाकिटं मामा थेट पोचवायचे आणि घरी कुणीतरी कॉलेजातलं पोर वाचून द्यायचं. मला कुणी काही बोललं नाही. स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणं क्रिकेटवर यायचं.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघंच उमेदवार होतो. दुसरा मुलगा राहुरीकडचा, माझ्याहून लहान, नवा शर्ट घातलेला. आधी मला बोलावलं. आत सचिव, प्राचार्य आणि विद्यापीठानं पाठवलेले एक विषयतज्ज्ञ. तज्ज्ञांनी खूप विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली, दोन ठिकाणी त्यांनी मान डोलावली. "उत्तम," म्हणाले आणि कागद सरकवले. तेव्हा सचिव पुढं वाकले.

"सर, त्या उसाच्या बाबतीत आता काय म्हननं हाय तुमचं?"

"ऊस?" तज्ज्ञांनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्य पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

समोर पाण्याचा ग्लास होता, पण तो उचलावा असं वाटेना.

"तेच आहे, साहेब," मी म्हणालो.

"वर्गात पोरांना हेच शिकवता का?"

"नाही. वर्गात मी संगणक शिकवतो. पोरांना विचारा."

"इचारलंय," ते म्हणाले. "त्यात काय वावगं न्हाई. या तुमी."

बाहेर आलो तर तो राहुरीचा मुलगा उठून उभा राहिला. "सर, काय विचारतात हो?"

"शेवटी ऊस विचारतात," मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. तो हसला आणि आत गेला. ऑर्डर त्याचीच निघाली, आणि जागा भरल्यावर मला जूनची ऑर्डरही मिळणार नव्हती. चांगला मुलगा होता, त्याचं वाईट मी कधी चिंतलं नाही. मला मामांनी सांगितलं, कॉलेजच्या फाटकाशी, सायकल हातात धरून. "सर, तुमचं नाव न्हाई त्यात." मग म्हणाले, "मला वाटलंच हुतं. तुमी चहा अर्धा सोडून आल्ता, तवाच बंगल्यावरची मानसं बोलली."

माझ्याकडंच राहिलेल्या लॅबच्या किल्ल्या देऊन मी संध्याकाळच्या गाडीनं गावी गेलो. दादा अंगणात होते. माझ्या हातातली ट्रंक बघून त्यांना काय ते कळलं, पण त्यांनी तरी विचारलं.

"झालं का?"

"नाही झालं, दादा. केडगावला एक कॉम्प्युटर क्लास आहे, तिथं बोललोय. जूनपासून या म्हणालेत."

"पर्मनंट हाय का?"

"नाही."

त्यांनी ट्रंक माझ्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "आता लोक इचारतील. म्या काय सांगू? सोडली म्हनू का?"

"काढलं म्हणा."

"का काढलं इचारलं तर?"

"ऊस पाणी फार पितो, ते मोजा, असं म्हणालो म्हणून."

दादांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी काही लपवतोय. "आरं, हे तर शेंबड्या पोराला ठावं हाय. त्याच्यासाठी कुनी नोकरीवरनं काढतं व्हय? लोकांला खरं वाटायचं न्हाई. दुसरं कायतरी केलं आसंल म्हनतील. पैशाचं, न्हाईतर पोरींचं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी गेली, स्लॅब गेला, हे सगळं एस.टी.त बसून माझं मनाशी मांडून झालं होतं. पण आपलं कारणच लोकांना पटणार नाही, आणि त्या न पटण्याची झळ दादांना रोज पारावर, डेरीवर लागणार, हे मला अंगणात उभं राहिल्यावर कळलं.

"उद्या सकाळी डेरीवर माझ्यासंगं ये," दादा म्हणाले. "तूच सांग. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

सकाळी गेलो. दूध घालायला माणसं रांगेत होती, किटल्या हातात. दादा माझ्या मागं उभे राहिले. एकानं विचारलंच, "काय मास्तर, सुट्टी लागली का?" मी म्हणालो, "नाही, काढलं मला." मग मी पहिल्यापासून सांगितलं. टँकर, पाट, ती लिस्ट, पुतण्या, सचिवांची ओसरी, मुलाखत. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दूध मापणारा पोऱ्या माप हातात धरून ऐकत होता.

माझं सांगून झाल्यावर शेजारचे म्हातारे चुलते, वडिलांच्या बरोबरीचे, म्हणाले, "मंजे तू हे आमेरिकेला सांगितलं?"

"हो, तात्या."

"आन मग आमेरिकेनं त्यांला सांगितलं."

"हो."

"मग येवढं लांबून कशापाई? बंगल्यावर जायचं, आन त्यांला तोंडावर सांगायचं की."

"तोंडावरही सांगितलं," मी म्हणालो. "वाचून दाखवलं."

"मग काढतीलच," तात्या म्हणाले, आणि दोघंचौघं हसले. ते हसणं ऐकून मला कळलं, की यांना पटलं. दादांनी माझ्या बाजूनं पुढं होऊन किटली मापाजवळ ठेवली. "बघ रं, फेस उतरू दे आधी," ते त्या पोऱ्याला म्हणाले, "मग माप."